गाव पाहावं सकाळी सातला

पुण्या-मुंबईच्या मंडळींना ‘शहराजवळचं छोटंसं, छान गाव’ म्हटलं की तळेगाव, कर्जत, बदलापूर अशी नावं सुचतात. सकाळी झुंडीने शहराकडे पळायचं, रात्री जेवायला-झोपायला परत. सोप्पा फंडा! आमच्या वऱ्हाडात मात्र हा पिक्चर बराचसा उलटा चालतो. विश्वास बसत नसेल तर एखाद्या मंगळवारी सकाळी साडेसातला अमरावतीच्या एसटी स्टँडवर उभं राहून बघा. कॉलेजची पोरं-पोरी शहरात येत असतात, ते आहेच. पण त्याच वेळी टिफिनच्या पिशव्या घेतलेली मोठ्यांची एक फौज शहरातून बाहेर निघालेली असते. दर्यापूरच्या बँकेतला कॅशियर, मोर्शीच्या शाळेतल्या मॅडम, चांदूर बाजारच्या तहसीलमधला क्लार्क, परतवाड्याच्या दवाखान्यातले डॉक्टर... संध्याकाळी हीच फौज मरगळलेल्या चेहऱ्याने परत.

आमच्याकडे या प्रकाराला शब्दही स्वतःचा आहे. अप-डाऊन. ‘काय करून राह्यले सध्या?’ ‘अकोल्याले अप-डाऊन करून राह्यलो.’ झालं, समोरच्याला तुमची नोकरी, तुमची झोप आणि तुमची पाठदुखी, तिन्ही कळलं.

नोकरी तालुक्याला आणि घर शहरात, असं का? दहापैकी आठ जणांचं उत्तर एकच असतं. पोरांची शाळा! सरकार म्हणतं, मुख्यालयी राहा. त्यावरून, म्हणजे राहायचं कुठे आणि घरभाडं भत्ता कशाचा घ्यायचा यावरून, गेली कित्येक वर्षं वाद चालू आहे. गावकरी म्हणतात, साहेब इथे राहात नाहीत. साहेब म्हणतात, मग माझ्या पोरांना शिकवणार कोण? गंमत म्हणजे असं विचारणाऱ्यांत शिक्षकही असतात. असो, तो वेगळा विषय आहे आणि त्यावर लिहिलं तर माझे निम्मे नातेवाईक माझ्याशी बोलणार नाहीत.

आज बोलायचंय ते दोन शहरांत विभागलेल्या जोड्यांबद्दल. अमरावतीत विभागाची सगळी मोठी ऑफिसेस, १९८३ पासूनचं विद्यापीठ, इंजिनीअरिंग कॉलेजेस. अकोल्यात १९६९ पासूनचं पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ, मेडिकल कॉलेज, कापसा-डाळीची मोठी बाजारपेठ. दोन्ही शहरांत शंभरेक किलोमीटरचं अंतर. नवरा इकडे, बायको तिकडे अशी घरं मला एका दमात डझनभर सांगता येतील. बदलीचा अर्ज देऊन बसलेले, ‘पुढच्या वर्षी होईल’ म्हणणारे, आणि ते पुढचं वर्ष पाच-पाच वर्षं न आलेले.

सही कोणाची?

माझी मावसबहीण यातलीच. ताई अकोल्यात एका सरकारी ऑफिसात, भाटवे (वऱ्हाडात बहिणीच्या नवऱ्याला भाटवा म्हणतात) अमरावतीत कॉलेजला. मुलगी सातवीत जाणारी, मुलगा तिसरीत. घर अमरावतीत गाडगेनगरला, भाड्याचं. आता भूगोल समजून घ्या, कारण सगळा घोळ तिथेच आहे. मुंबई-नागपूर मेन लाइन अमरावती शहरातून जात नाही. ती जाते दहा किलोमीटरवरच्या बडनेऱ्यातून. म्हणजे ताईचा दिवस असा : पावणेसातला स्कूटीवर घर सोडायचं, सगळं शहर ओलांडून बडनेरा, स्टँडला गाडी लावायची, ट्रेन, तासभर उभं किंवा नशिबाने बसून, अकोला स्टेशनवरून शेअर ऑटो. परतीचा रात्री आठ. ट्रेन लेट असेल तर नऊ. पाच वर्षं!

मागच्या हिवाळ्यात मुलाने गृहपाठाच्या वहीवर ‘पालकांची सही’ म्हणून शेजारच्या काकूंची सही नेली. बाईंनी वही घरी पाठवली, ताईने ती पाहिली आणि त्या रात्री ती जेवली नाही. दुसऱ्या दिवशी मला फोन. ‘तू पत्रकार आहेस, गावोगाव फिरत असतेस. आम्हाला मधलं एखादं चांगलं गाव सांग. पोरांना अंगण मिळेल असं.’

अंगण! हा शब्द लक्षात ठेवा. आपण सगळेच छोट्या गावात घर शोधायला निघतो ते अंगण, कडुलिंब, सायकलवर शाळेत जाणारी पोरं असा फोटो डोक्यात ठेवून. फोटो खोटा नसतो. फक्त तो रविवारी दुपारी काढलेला असतो.

म्हणून आम्ही पहिला नियम केला. रविवारी गाव पाहायला जायचं नाही. वर्किंग डेला रजा टाकायची आणि सकाळी सातला त्या गावाच्या स्टेशनवर किंवा स्टँडवर हजर राहायचं. पुन्हा संध्याकाळी सातला तिथेच. मधल्या वेळात शाळा, घरं, नाश्ता काय हवं ते.

मधोमध

नकाशावर बघाल तर उत्तर एका मिनिटात मिळतं : मूर्तिजापूर. रेल्वेने अकोल्याहून साधारण ३७ किलोमीटर आणि बडनेऱ्याहून ४२. याहून मधोमध काय असणार! एक्स्प्रेसने दोन्हीकडे अर्धा-पाऊण तास. रस्त्याने जाणाऱ्यांसाठीही हा भाग आता टकाटक आहे. अकोला-अमरावती हायवे वर्षानुवर्षं खड्ड्यांसाठी बदनाम होता. जून २०२२ मध्ये याच रस्त्यावर ७५ किलोमीटरचा डांबरी पट्टा १०५ तास ३३ मिनिटांत टाकून गिनीज रेकॉर्ड झाला. रेकॉर्ड जगाचं, पण हुश्श केलं ते अप-डाऊनवाल्यांनी.

आणि चार्मचं म्हणाल तर मूर्तिजापूरला तो भरपूर आहे. हे शकुंतलेचं गाव. कालिदासाची नव्हे, नॅरोगेजची. एकीकडे अचलपूर, दुसरीकडे यवतमाळ अशा दोन फाट्यांवर धावणारी ही छोटी गाडी मुळात वऱ्हाडचा कापूस वाहायला टाकलेली. १९९४ पर्यंत तिला वाफेचं इंजिन होतं, आणि देशात रेल्वेचं राष्ट्रीयीकरण झाल्यावरही हा मार्ग खासगी कंपनीच्याच मालकीचा राहिला, हे तर क्विझचं आवडतं प्रश्न-उत्तर. गाडी आता बंद आहे. गाडगेबाबांचं बालपण ज्या दापुऱ्यात मामाकडे गेलं ते गावही याच तालुक्यातलं.

आम्ही फेब्रुवारीतल्या एका बुधवारी गेलो. घर मिळालं ते अगदी फोटोतलंच! स्टेशनपासून चालत दहा मिनिटं, पुढे ओटा, मागे अंगण, अंगणात कडुलिंब, आणि भाडं ऐकून भाटव्यांनी मालकाला दोनदा विचारलं, ‘महिन्याचंच ना?’ शाळा चालत्या अंतरावर. जुन्या संस्थेची, अनुदानित, सेमी-इंग्रजी वर्ग असलेली. पुणेकरांसाठी सांगते, सेमी म्हणजे गणित-विज्ञान इंग्रजीत, बाकी सगळं मराठीत. हायवेलगतच्या चकचकीत इमारती बघून बावरू नका, या जुन्या शाळांचे मुख्याध्यापक एकदा तरी भेटा. आम्हाला भेटलेल्या सरांनी मुलाला फळ्यावर एक गणित घालून दिलं आणि तो सोडवत असताना ते त्याच्याकडे बघत होते, आमच्याकडे नाही. मला तिथेच ती शाळा आवडली.

पण आम्ही सातला स्टेशनवर होतो ना! तिथे अप-डाऊनवाल्यांचा एक ग्रुप भेटला. प्रत्येक स्टेशनवर असतोच, पासवाल्यांचा. त्यांची ठरलेली जागा, ठरलेला चहा आणि रेल्वेवर ठरलेला राग. त्यांनी दहा मिनिटांत जे सांगितलं ते कुठल्याही ब्रोकरने सांगितलं नसतं. कोणती गाडी इथे थांबते आणि कोणती धुरळा उडवत निघून जाते. साध्या मासिक पासावर सुपरफास्टमध्ये चढता येत नाही, त्याचा सरचार्ज वेगळा भरावा लागतो. रिझर्व्हेशनच्या डब्यात चढलं तर टीसीच्या मूडवर दिवस. २०२० मध्ये कोरोनात पॅसेंजर गाड्या बंद झाल्या तेव्हा अनेकांचं महिन्याचं गणित कोसळलं. गाड्या सुरू झाल्या त्या एक्स्प्रेसच्या भाड्याने, आणि साधं भाडं परत आलं ते २०२४ मध्ये. ‘घर कुठं बी घ्या ताई,’ त्यातले एक काका म्हणाले, ‘पण शेवटच्या गाडीचा टाइम पाहून घ्या. पहिली गाडी चुकली तर साहेब बोंबलते. शेवटची चुकली तर पोट्टे उपाशी झोपते.’

ताईने हे वाक्य मोबाइलमध्ये टाइप करून ठेवलं.

एक ग्लास पाणी

मूर्तिजापूरच्या आधी आम्ही दर्यापूरही पाहिलं होतं. अमरावतीहून रोज बसेस, अकोल्याकडेही रस्ता, बाजारपेठ मोठी. भाटव्यांचे एक मित्र तिथे राहतात. त्यांच्याकडे पोहे खाल्ले, तर्रीसकट, आणि मग मी मुद्दाम हापशाचं पाणी मागितलं. घोटभरच प्यायले. मचूळ, खारट.

हा खारपाणपट्टा. पूर्णा नदीच्या दोन्ही अंगांनी अमरावती, अकोला, बुलडाणा या तीन जिल्ह्यांत तो पसरलेला आहे. जमीन काळीभोर, बघून हेवा वाटावा अशी, पण खालचं पाणी क्षारांचं. ते पिकाला चालत नाही, माणसालाही नाही. त्यात डाळ लवकर शिजत नाही, साबणाला फेस येत नाही. या भागातल्या गावांमधून मूत्रपिंडाच्या आजारांच्या तक्रारी वर्षानुवर्षं येत आहेत. म्हणून पाणी लांबच्या धरणांतून पाइपने आणावं लागतं. दर्यापूर-अंजनगावला शहानूरचं, अकोट-तेल्हाऱ्याच्या खेड्यांना वानचं. नळाला ते पाणी येतं तोवर उत्तम. पाइपलाइन फुटली की कॅन.

आता तुम्ही म्हणाल, शहरात तरी कुठे रोज पाणी येतं? बरोबर. अकोलेकरांना विचारा, काटेपूर्णा धरणात पाणी कमी झालं की नळाला किती दिवसांनी येतं ते. मूर्तिजापूरची तहानही त्याच काटेपूर्णेवर. त्यामुळे मुद्दा ‘हे गाव नको’ असा नाहीच. दर्यापुरात पिढ्यान्‌पिढ्या माणसं राहतात, पोरं शिकून डॉक्टर-इंजिनीअर होतात. मुद्दा एवढाच, की घर बघताना तुम्ही टाइल्स बघता, गॅलरी बघता, पार्किंग विचारता. मालकाला एक ग्लास पाणी मागा. आणि हे पाणी कुठलं, नळ किती दिवसांनी येतो, टाकी किती लिटरची आणि कूलरला कोणतं पाणी घालता, तेही विचारा. वऱ्हाडात एप्रिल-मे महिन्यांत पारा पंचेचाळीसच्या आसपास खेळत असतो. एसी असो-नसो, कूलर लागतोच, आणि त्याला रोज बादल्या लागतात. खाऱ्या पाण्याने कूलरची जाळी एका सीझनमध्ये पांढरी फट्ट होते. हे ज्ञान कुठल्याच ब्रोशरमध्ये नसतं.

सुंदर, पण...

सौंदर्यस्पर्धा ठेवली तर माझं मत परतवाड्याला. सातपुड्याचा पायथा, सागवानाच्या वखारी, जुन्या छावणीचे ऐसपैस रस्ते, आणि अगदी खेटून जुनी राजधानी अचलपूर. चिखलदरा तीसेक किलोमीटर. रविवारी सकाळी वाटलं की गाडी काढायची आणि घाटात जाऊन धुकं बघायचं. पुण्यात याच्यासाठी लोक वीकएंड होमचे हप्ते भरतात! ज्याचं काम घरूनच चालतं, महिन्यातून दोनदाच ऑफिसला तोंड दाखवायचं आहे, अशा जोडप्याने परतवाडा जरूर बघावा. आता बेलोऱ्याहून मुंबईचं विमानही आहे, एप्रिल २०२५ पासून. पण रोजच्या अप-डाऊनला परतवाडा म्हणजे अमरावतीपर्यंत पन्नास किलोमीटर निव्वळ रस्ता. शकुंतला बंद, दुसरी रेल्वे नाही. ताईसाठी तर अकोला तिथून आणखी लांब. सुंदर दिसणाऱ्या स्थळाला नाही म्हणताना जसं वाईट वाटतं तसं वाटलं, बस.

अकोट हे अकोल्यावाल्यांचं परतवाडा. तोच सातपुडा, वर नरनाळा किल्ला, संत्री-केळीचा श्रीमंत पट्टा. पण अकोटची एक गोष्ट ऐका. अकोला-अकोट रस्त्यावर गांधीग्रामला पूर्णेवर इंग्रजांच्या काळातला पूल होता. ऑक्टोबर २०२२ मध्ये तो धोकादायक ठरला आणि वाहतूक बंद. एका दिवसात पंचेचाळीस किलोमीटरचा रस्ता लांबच्या फेऱ्याचा झाला. शिक्षक, नर्सेस, कॉलेजची मुलं, पेशंट, सगळे अडकले. ब्रॉडगेजचं काम होऊन रेल्वे सुरू व्हायची होती, ती लोकांनी ओरडा केल्यावर त्या वर्षाच्या अखेरीस धावू लागली, तेव्हा कुठे जीवात जीव आला. तेव्हापासून मी कुणालाही सांगते, ज्या गावाला शहराकडे जायला दोन वाटा आहेत तेच गाव घ्या. एक रस्ता आणि एक रेल्वे, किंवा दोन रस्ते. एकाच पुलावर संसार टांगू नये.

शेगाव? गजानन महाराजांच्या कृपेने गाड्या भरपूर थांबतात, अकोला जेमतेम ३७ किलोमीटर, गाव स्वच्छ. नवरा-बायको दोघंही अकोल्यात असतील तर झकास. ताईच्या घराला मात्र चुकीच्या दिशेचं, कारण भाटव्यांची अमरावती तिथून फारच लांब. धामणगाव रेल्वे आणि चांदूर रेल्वे (हो, गावांच्या नावातच रेल्वे आहे!) त्याच कारणाने आमच्या यादीतून बाद. पण वर्धा किंवा नागपूर आणि अमरावती अशी ज्यांची जोडी आहे त्यांनी धामणगाव नक्की बघावं. मेन लाइनवरचं सुटसुटीत गाव, से. फ. ला. हायस्कूलसारखी जुनी शाळा, आणि आता तालुक्यातून समृद्धी महामार्गही जातो.

नऊ वाजताची शाळा

आता खरी गोची. फेब्रुवारी २०२४ मध्ये सरकारने सांगितलं, पूर्वप्राथमिक ते चौथीचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवायचे नाहीत. पोरांची झोप होत नाही म्हणून. निर्णय पोरांच्या दृष्टीने चांगलाच. पण आईची गाडी सव्वासातला आणि बाबांची पावणेआठला असेल तर तिसरीतलं पोरगं नऊपर्यंत कोणाकडे? शहरात याला डे-केअर म्हणतात आणि त्याची फी असते. छोट्या गावात याला शेजार म्हणतात. म्हणून घर बघताना आम्ही शेजारच्या घरांची बेल वाजवायला सुरुवात केली. लोकांना विचित्र वाटलं असेल, वाटू दे! मूर्तिजापूरच्या त्या घराशेजारी एक निवृत्त मास्तर आणि त्यांच्या सौ. राहतात. पाच मिनिटांत त्यांनी मुलाला सांभारवडी खायला घातली होती. (सांभार म्हणजे आमच्याकडे कोथिंबीर, इडलीबरोबरचं नव्हे.)

इथपर्यंत मूर्तिजापूर पास झालंच होतं. भाटवे डिपॉझिटचा चेक लिहायच्या बेतात. मग भाची बोलली.

ती तीन वर्षं मल्लखांब करते. अमरावतीत श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ आहे. १९१४ साली सुरू झालेलं, १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी ज्याचं पथक देशी खेळ दाखवायला जर्मनीला गेलं होतं ते. तिथे संध्याकाळी पोरं-पोरी घाम गाळत असतात. तर भाची म्हणाली, ‘मूर्तिजापूरहून मी रोज कशी येणार?’ कोणाकडेच उत्तर नव्हतं. ताई म्हणाली, सुटीच्या दिवशी येऊ. भाची म्हणाली, ‘सुटीच्या दिवशी मल्लखांब नसतो आई, प्रॅक्टिस रोज असते.’ एवढंच. रडली-बिडली नाही.

गाडीत बराच वेळ कोणी बोललं नाही. मी मनात आकडेमोड करत होते. आत्ता ताई रोज पाच तासांच्या आसपास प्रवासात घालवते. मूर्तिजापूरला गेलं तर तिचे तीन तास वाचतात, भाटव्यांचे दोन जातात, आणि मुलीची संध्याकाळ जाते. तीन वर्षांनी मुलगी दहावीत. त्यानंतर अकरावी, नीट, जेईई, जे काय असेल ते. तेव्हा छोट्या गावातली बहुतेक घरं पुन्हा उठून अकोल्याला, अमरावतीला, नागपूरला येतात, किंवा पोरांना हॉस्टेलवर टाकतात. म्हणजे अंगणाचं हे सुख लहान पोरांच्या घराला आठ-दहा वर्षं पुरतं. मोठ्या पोरांच्या घराला तीन.

तेव्हा माझं मत मी सांगून टाकलं, आणि तुम्हालाही तेच सांगते. अप-डाऊन करायचंच असेल तर मोठ्यांनी करावं. पोराची शाळा आणि संध्याकाळ घरापासून वीस मिनिटांत असली पाहिजे. ती कुठल्या गावात आहे हे आधी बघा, मग स्टेशन, मग अंगण. आपण उलट्या क्रमाने जातो. दोन्ही मुलं प्राथमिक शाळेत असती तर मी स्वतः त्या चेकवर भाटव्यांचा हात धरून सही घेतली असती.

जंक्शन

मग उरलं काय? बडनेरा.

बडनेऱ्याला कोणी चार्मिंग म्हणणार नाही. रुळांच्या अलीकडे नवी वस्ती, पलीकडे जुनी वस्ती, मधे जंक्शनचा आवाज. महापालिका अमरावतीचीच, म्हणून ते धड गावही नाही. आमच्या यादीत ते नव्हतंच, कारण रोज तिथून ये-जा करणाऱ्याला ते गाव दिसतच नाही, फक्त स्कूटी लावायचं स्टँड दिसतं. पण हिशेब करून बघा. ताईचं शहर ओलांडणं संपतं, दोन्ही बाजूंनी मिळून तासापेक्षा जास्त वेळ वाचतो. अमरावती-बडनेरा रोडवर शाळा-कॉलेजांची रांग आहे, सिटी बस आहे, शेअर ऑटो तर मोजायचे नाहीत इतके. भाटवे दुचाकीवर वीस-पंचवीस मिनिटांत कॉलेजात. भाचीची शाळा बदलत नाही, मल्लखांब सुटत नाही, येताना बाबांबरोबर घरी. पाणी अमरावतीला येतं तेच, अप्पर वर्ध्याचं. आणि बडनेऱ्यावर थांबणाऱ्या गाड्या एवढ्या, की एक चुकली तर दुसरी आहे.

भाटव्यांचा चेहरा पडला होता. ते अंगणाच्या प्रेमात पडले होते ना! नव्या वस्तीत जे घर मिळालं त्याला अंगण नाही, गच्ची आहे. भाडं मूर्तिजापूरपेक्षा जास्त आणि गाडगेनगरपेक्षा थोडं कमी. खालच्या मजल्यावर मालकीणबाई. त्यांनी अट घातली, रात्री दहानंतर वरती ठोकाठोक नको. ताईने त्यांना आपली अट सांगितली, सकाळी साडेसात ते पावणेनऊ मुलगा तुमच्याकडे बसेल, चालेल का? त्या म्हणाल्या, ‘बसू द्या की. पण मी टीव्ही लावून देणार नाही.’ ताईने तिथल्या तिथे ॲडव्हान्स दिला.

खरेदीचा विचार पुढच्या वर्षी. तोही मीच लावून धरलाय, कारण कोणतंही गाव एक अख्खं चक्र राहून बघितल्याशिवाय कळत नाही. विदर्भात शाळा जूनच्या शेवटच्या आठवड्याच्या आसपास उघडतात, उरलेल्या महाराष्ट्राच्या आठवडाभर मागे. तिथपासून पावसाळ्यातल्या लेट गाड्या, दिवाळीची गर्दी, थंडीतली सकाळ, मार्चमधली सकाळची शाळा आणि एप्रिलचा कूलर. एवढं सगळं भाड्याच्या घरात राहून पाहायचं, ईएमआयच्या घरात नाही.

सामान हलवायचा दिवस ठरलाय. भाचीने अट घातलीये, गच्चीत मल्लखांबाचा दोर टांगायला हूक बसवून द्यायचा. मालकीणबाईंना हे अजून सांगितलेलं नाही.